तुझा तास माझ्या नावावर

शुभदा,

तू गेलीस त्या मंगळवारी, तू गेल्यानंतर पाऊण तासाने, मी शाळेच्या हॉलमध्ये उभी राहून तुझी टिंगल करत होते.

दहा वाजले होते. गाण्याची मुलं आपापल्या रांगांत उभी होती आणि तुझा पत्ता नव्हता. स्टाफ मीटिंगला तू कधी वेळेवर आली नाहीस, माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडून गेल्यावर पोचलीस, पण तालमीला उशीर? बावीस वर्षांत नाही. मी मुलांना म्हटलं, "तुमच्या बाई मिरकरवाड्याला मासळीच्या लिलावात उभ्या असतील. पापलेट स्वस्त झालं की येतील." कोणी हसलं नाही. विनोद फसला असं वाटून मी आणखी एक मारला, "आल्या की आज त्यांनाच बाकावर उभं करू." तेवढ्यात शिपाई दारात आला आणि त्याने मला नुसतं हाताने बोलावलं. ऑफिसात प्रकाशभावोजींचा फोन होता, तुमच्या घरून. सव्वानऊला तू ओट्याशी उभी होतीस आणि खाली बसलीस, एवढंच ते पुन्हापुन्हा सांगत होते. "खाली बसली हो, कल्पनाबाई. नुसती खाली बसली." शेजारचे डॉक्टर धावत आले तोवर काही उरलं नव्हतं.

मी गणित शिकवते. सव्वानऊ आणि दहा यांच्यातली वजाबाकी मला करायची नव्हती, पण ती झालीच. हॉलमध्ये मी परत गेले नाही. मुलं पहिली घंटा होईपर्यंत तशीच रांगेत उभी होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कोणी त्यांना जा म्हणून सांगितलंच नव्हतं.

तुझ्या घरी पोचल्यावर मी काय केलं असेल? भांडले. डॉक्टरांशी. "तिला बीपी नव्हतं, शुगर नव्हती, काल तीन जिने चढून माझ्या आधी वर पोचली होती," असं त्यांना ऐकवलं, जणू माझा मुद्दा पटला असता तर ते निकाल बदलणार होते. बिचारे मान खाली घालून ऐकत राहिले. तू आतल्या खोलीत चटईवर होतीस. तोंड किंचित उघडं. नव्या मुलांना 'आ' कसा लावायचा ते दाखवताना उघडायचीस, तेवढंच. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि खरं सांगते, वाट बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तुझ्या नणंदेने खांद्याला धरून बाहेर आणलं तेव्हा मला तिचाच राग आला.

आणि डोकं किती निर्लज्ज असतं बघ. दारातून आत येणारी माणसं मी मनात टिपून ठेवत होते. कोण खरं रडतंय, कोण नुसता पदर लावतंय, कोणाची नजर आधी फ्रिजकडे गेली. प्रत्येक मयतावरून परत येताना आपण रिक्षात हेच करायचो ना? तुझं इडलीपात्र तीन वर्षांपूर्वी नेऊन परत न केलेली ती बाई सगळ्यांत मोठ्याने रडली, हे तुला कधी सांगते असं मला झालं होतं. तुला नेल्यावर मी बाहेर आले, रिक्षात बसले, आणि सवयीने आत सरकून शेजारी जागा केली. रिक्षावाला म्हणाला, "आणखी कोणी यायचंय?" मी म्हटलं, "होय." मग तो थांबून राहिला. मीही थांबून राहिले.

उद्या तुझा बारावा. मी हे स्टाफरूममध्ये बसून लिहितेय, मधल्या सुट्टीत, डबा न उघडता. समोर तुझ्या खुर्चीवर हिंदीच्या बाई बसल्या होत्या. मी नुसतं बघितलं. त्या उठल्या.

आपण दोघी एकाच जूनमध्ये इथे लागलो. तू लांज्याची, म्हणून समुद्राचं तुला कोण कौतुक. मी दाभोळची, मला त्याचा वास लहानपणीच पुरे झालेला. पहिल्या आठवड्यातच आपलं वाजलं. माझा जादा तास शेजारच्या वर्गात चालू होता आणि हॉलमधून तुझ्या चाळीस पोरांचा आवाज. मी तरातरा येऊन म्हटलं, "अहो बाई, ही गातायत की ओरडतायत?" तू शांतपणे म्हणालीस, "आज ओरडतायत. दिवाळीपर्यंत गातील. तुम्ही दार लावून घ्या." दिवाळीनंतर मी दार उघडं ठेवायला लागले. ते तुला दिसलं होतं, पण कधी बोलून दाखवलं नाहीस. मीही नाही. आपल्यात कौतुक तोंडावर करायची पद्धत नव्हती.

इतर शाळांत गळा बघून मुलं निवडतात. तुझा एकच नियम होता, घंटेच्या आत जो हॉलमध्ये शिरला तो गाण्यात. "गळे बघून पोरं घ्यायला मी काय कलिंगडं घ्यायला निघालेय, बोटाने ठोकून?" मग बेसुरी येत, लाजरी येत, वर्गात ज्यांना कोणी बाकावर शेजारी घेत नाही ती येत. आणि ती नववीतली मुलं. आवाज फुटण्याच्या वयाची, ज्यांच्या तोंडातून एक शब्द बापाचा निघतो आणि दुसरा धाकट्या बहिणीचा. बाकीचे संगीत शिक्षक त्यांना सरळ दोन वर्षं घरी बसवतात, नाहीतर नुसते ओठ हलवायला सांगतात. तू त्यांची वेगळी तिसरी रांग केलीस. सगळं गाणं बाकीच्यांनी म्हणायचं आणि या मुलांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत खालचा एकच सूर धरून ठेवायचा. चढायचं नाही, उतरायचं नाही. फक्त सोडायचा नाही. मुलांनीच तिला नाव दिलं, फुटकी रांग. त्या रांगेत जायला पोरं धडपडायला लागली, आवाज फुटला नाही तर मुद्दाम घोगरं बोलायची. वर्गात त्यांची टर उडवणारे आम्ही सगळे शिक्षक गप्प झालो. यासाठी तुझे आभार मानायचे राहिले. शुभदा, आभार.

त्या रांगेवरून आपण किती भांडलो! स्पर्धेत दरवर्षी तिच्यापायी गुण जायचे. एका परीक्षक बाईंनी तर विचारलं होतं, "मागच्या रांगेतल्या मुलांना बरं नाही का?" येताना एसटीत मी तुला धारेवर धरलं. म्हटलं, एक वर्ष, फक्त एक वर्ष ती रांग खाली बसव, ढाल आण, मग काय घालायचा तो गोंधळ घाल. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "कल्पे, तू उभी राहून घड्याळ बघ. तेवढं तुला चांगलं जमतं." खरं होतं. मला ताल कळत नाही, सूर तर नाहीच नाही. पण सात मिनिटांच्या मर्यादेत गाणं बसतंय की नाही ते बघायला तू मला रोज हॉलमध्ये उभी करायचीस. आता वाटतं, तुझ्या मनगटावर घड्याळ होतंच की. मला का बोलवत होतीस?

आता मुद्द्यावर येते. मुलांना मी रोज सांगते, उत्तर माहीत असेल तर पानं भरू नका. आणि स्वतः दोन पानं भरली.

यंदा नव्या मुख्याध्यापकांना दहावीचा निकाल वर न्यायचाय. त्यात गैर काही नाही. पहिल्या चाचणीत निम्मा वर्ग माझ्या विषयात आपटला होता आणि नेमक्या त्या चाचणीच्या दिवशी माझी सात मुलं तू कुठल्याशा कार्यक्रमाला गायला नेली होतीस. मी भडकले होते. तेव्हाच सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "शाळेआधीचा गाण्याचा तास तुम्हाला दहावीसाठी मिळू शकेल. पण बाई, मी काढून घेतला असं दिसायला नको. मागणी विषयशिक्षकाकडून आली की माझे हात मोकळे." मी एक रात्र विचारही केला नाही. शुक्रवारी अर्ज लिहिला. 'विद्यार्थ्यांच्या हितासाठी' असे शब्द घातले. खाली सही केली. कोणी हात धरला नव्हता.

तो तास गेला म्हणजे गाणं गेलं, हे मला कळत होतं. शाळा सुटल्यावर मुलं थांबू शकत नाहीत, त्यांच्या एसट्या जातात. दुपारी हॉलमध्ये खेळाचे तास. तुझ्याकडे ती पाऊण तासाची जागा होती, बाकी काही नव्हतं. सही करताना मी स्वतःला सांगितलं, शुभदाला उद्या सांगू. नीट समजावू. शनिवारी तू सुट्टीवर होतीस. सोमवारी वह्या तपासायच्या आहेत असं सांगून मी हॉलमध्ये आलेच नाही. मंगळवारी मात्र ठरवून लवकर आले. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. तू आलीस की तुला बाजूला घेऊन सांगायचं. तू येईना, म्हणून ते पापलेटाचे विनोद.

गुरुवारी शोकसभा झाली. सरांनी भाषणात 'कधीही भरून न येणारी पोकळी' म्हटलं. मग मुलांना सांगितलं, बाईंचं आवडतं गाणं म्हणा. तू चाल लावलेलं ते होडीचं गाणं. पण सूर कोण देणार? पेटी पावसात दमट होऊन बसलेली, सूर तू गळ्यानेच द्यायचीस. मिरकरवाड्याची ती दहावीतली सानिया, पहिल्या रांगेच्या टोकाला उभी राहते ती, तिने धीर करून सूर दिला. घाबरून फार वरचा दिला. दुसऱ्या कडव्याला मुलींचे गळे पोचेनात, एकेक करून रडू फुटलं आणि पहिली रांग थांबली, मग दुसरी थांबली. तिसरी थांबली नाही. ती आपला खालचा सूर धरून राहिली. नुसता तो एक सूर, शब्द नाहीत, चाल नाही, भरलेल्या हॉलमध्ये. पाहुण्यांना वाटलं, काहीतरी बिघडलंय. सरांनी हाताने 'पुरे' अशी खूण केली. पोरं माझ्याकडे बघायला लागली, कारण वेळ माझ्या हातात असायची. मी घड्याळ दाखवलं. सात मिनिटं व्हायची होती. त्यांनी सात मिनिटं पुरी केली.

बावीस वर्षं ज्या रांगेला मी बसव बसव म्हणत होते, तिने मला उभं केलं होतं, आणि हे ज्या एका माणसाला सांगायचं तिचा फोटो टेबलावर होता, हारासकट.

भरून न येणारी पोकळी शुक्रवारी सकाळी भरली. नवं वेळापत्रक फळ्यावर लागलं. पावणेदहा, हॉल, दहावी गणित, आणि पुढे माझं नाव.

सोमवारी मी खडू घेऊन हॉलमध्ये गेले. दहावीची मुलं बसली होती. आणि दाराशी भिंतीला लागून बाकीची उभी, आठवीची, नववीची, तुझी सगळी. लवकरच्या एसटीने आलेली, जाणार कुठे? मी म्हटलं, "आत या. मागे बसा. आवाज नको." ती आली. मी फळ्यावर समीकरण लिहिलं आणि वळले, तर सानिया उभी.

"बाई, विचारू?"

"विचार."

"तुम्ही बाईंना सांगितलंत काय?"

"काय सांगितलं?"

"तासाचं. अर्जाचं."

मी खडू खाली ठेवला. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणाली, "बाईंनीच. मागच्या सोमवारी. तुम्ही आला नव्हतात ना त्या दिवशी. आमची पोरं चिडली, हा नितेश बोलला की आपण सगळे जाऊ सरांकडे. तर बाई बोलल्या, कोणी जायचं नाय. कल्पनाबाई मला आपणहून सांगणारायत. त्यांनी सांगेपर्यंत तुम्ही कोणी त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाय. आणि तास त्यांना मिळाला तर नीट बसायचं, गणित करायचं, त्रास द्यायचा नाय."

म्हणजे मंगळवारी मुलं हसली नव्हती ती का, ते कळलं. पण ते नंतर. आधी मला काही ऐकूच येईना. ऑफिसातल्या कोणीतरी तुला शुक्रवारीच सांगितलं असणार, आपल्या शाळेत अर्जाला पाय फुटतात. तुला माहीत होतं. शनिवारी घरी बसलेली असताना माहीत होतं. सोमवारी दुपारी, इथे, याच टेबलाशी, माझ्यासमोर डबा उघडताना तुला माहीत होतं.

तो डबा मी चार दिवस आठवतेय. तांदळाची भाकरी, कुळथाची उसळ. अर्धी भाकरी न विचारता माझ्या झाकणात टाकलीस. मग म्हणालीस, "काय गो, आज गप्प?" मी म्हटलं, "काही नाही." तू थोडा वेळ जेवलीस. पुन्हा विचारलंस, "काय बोलायचंय काय? बोल की." तू दोनदा विचारलंस, शुभदा. दोनदा दार उघडून धरलंस. आणि मी म्हटलं, "डोकं दुखतंय." तू पर्समधून गोळी काढून दिलीस. पाणी दिलंस. न दुखणाऱ्या डोक्यावरची गोळी मी तुझ्यासमोर गिळली आणि तू बघत होतीस.

हॉलमध्ये सानिया अजून उभी होती. मी त्यांना सांगितलं. खोटं सांगायला आता कोणाला घाबरायचं होतं? म्हटलं, तास मी मागितला. सही माझी. बाईंना मी सांगितलं नाही. सांगणार होते, पण सांगितलं नाही. त्रेचाळीस मुलांसमोर मी हे बोलले, आणि जिला बोलायचं होतं ती सोडून जगातल्या सगळ्यांना बोलून झालं. सानिया खाली बसली. नितेशने माझ्याकडे बघितलं नाही. तो अजूनही बघत नाही. बरोबर आहे त्याचं.

त्याच दिवशी मी सरांकडे दुसरा अर्ज दिला, पहिला मागे घेतेय म्हणून. ते म्हणाले, "पण आता गाण्याला बाई कुठे आहेत?" अर्ज त्यांच्या खणात आहे. तोवर तास कागदावर माझा आहे, आणि माझ्या तासाला काय चालतं ते विचारायला ते अजून तरी वर आलेले नाहीत. दहावीला मी पाच वाजल्यानंतर घेते, जी थांबू शकतात त्यांना. बाकीच्यांचं काय करायचं ते मला अजून सुटलेलं नाही. सकाळी मुलं गातात. वाईट गातात, तुला सांगायला हरकत नाही. सूर कधी वर लागतो, कधी खाली. मी काही सांगू शकत नाही, मला काही कळत नाही. मी उभी असते.

तू माझ्याशी खडूवरून भांडलीस, पंख्यावरून भांडलीस, माझ्या मुलीला इंजिनिअरिंगला घातलं म्हणून महिनाभर फुरंगटून बसलीस. एवढी मोठी गोष्ट मी केली आणि तू भांडली नाहीस. मला माफ केलं होतंस म्हणून? की मी भांडण्याच्या लायकीची उरले नाही म्हणून? की नुसती थांबली होतीस, कल्पी मेली कधीतरी सांगेल, मग बघते तिच्याकडे म्हणून? प्रकाशभावोजींना विचारलं. ते म्हणाले, तुमचं नाव काही काढलं नाही हो तिने त्या चार दिवसांत. माझं नाव न काढता तू चार दिवस कधी राहिली होतीस?

मुलांना सांगून झालं, सरांना सांगून झालं, आता उद्या तुझ्या फोटोसमोर हात जोडून उभं राहायचं, आणि तिथे माणसं असतील, मला बोलता यायचं नाही. म्हणून इथे. घंटा व्हायला दोन मिनिटं आहेत.

शुभदा, तुझा तास मी मागितला. तुला न सांगता मागितला. सही माझी आहे. डोकं दुखत नव्हतं.

आता भांड.